पैजानचे शत्रू

शेतकऱ्यांना भातशेती शिकवणाऱ्या भातशाळेच्या पहिल्याच दिवशी माझा धाकटा दीर पैजान निम्म्यातून उठला आणि लवंगेची सिगारेट ओढायला गेला. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर आठ पायांच्या कोळ्याचं चित्र काढून वर लिहिलं होतं, ‘नैसर्गिक शत्रू’. कुणाचे शत्रू, तर भात खाणाऱ्या किडींचे, हे ऐकायला हा होताच कुठे! गेल्या आठवड्यात पठ्ठ्याने कोळ्यांनाच भाताचे शत्रू समजून आपल्या वाफ्यात औषध मारलं.

आज फवारणीची टाकी पाठीला लावून माझ्या बांधावर हजर.

“वहिनी, सरा बाजूला. तुमच्याही शत्रूंचा निकाल लावतो.”

माझ्या भाताचा एक कोपरा तुडतुड्यांनी पिवळा केला होता. नवरा सुराबायाला बांधकामावर. हे भात गेलं तर पोरांनी वर्षभर वाळवलेले कसावाचे कंदच खायचे. भीती मलाही होती. पण बाई सांगतात ते खरं की खोटं, हे डोळ्यांनी बघायची खाज जास्त होती.

“दुपारपर्यंत दम धरा, भावोजी.”

भाताच्या एका चुडाच्या बुडाशी पाण्यावरून एक कोळीण तुरुतुरु पळत होती, मागे अंड्यांची पांढरी गोळी चिकटलेली. तिला बाटलीत घातलं, वर आठ तुडतुडे सोडले आणि फडकं बांधलं.

बराच वेळ ती ढिम्म.

“लेकुरवाळीला कुठली शिकार सुचतेय!” पैजान हसला आणि पंपाचा दांडा धरून उठला. तेवढ्यात तिने झडप घातली. एक गेला. गोळी काही सोडली नाही तिने. मी बाटलीला नाकच लावलं. दुपारपर्यंत पाच संपले.

“कोंडून ठेवल्यावर कुणीही खाईल,” पैजान म्हणाला.

“मग चला तुमच्या वाफ्यात.”

तिथे पहिल्याच चुडाला थाप मारली, तर कोंडा सांडावा तसे तुडतुडे पाण्यावर पडले. कोळी एकही नाही. दुसरा चूड, पाचवा, दहावा, तेच. पिवळेपण माझ्या वाफ्यापेक्षा दुप्पट. टोमणा माझ्या जिभेवर तयार होता, पण त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं.

त्याने टाकी उतरवली.

“वहिनी, तुमच्या हातातली ती बाटली मला देता?”

एका कोळिणीने एवढा वाफा वाचणार नव्हता. ते मला ठाऊक होतं, त्यालाही. तरी दोन्ही हातांत बाटली धरून तो वाफ्याच्या मधोमध गेला, वाकला आणि फडकं सोडलं.