चुळबुळीचे कान

मक्याची कणसं मोडता मोडता चुळबुळीचा उजवा कान फाटला, आणि ते तिला कळलंही नाही. वाळलेलं पातं कानातल्या रिंगेत अडकलं, तिनं मानेला हिसका दिला आणि पुढचं कणीस मोडून टोपलीत टाकलं. ऊन नुसती आग ओकत होतं. भुईच्या भेगांत पायाचं बोट जाईल अशी जमीन तडकली होती. शेजारच्या सरीत तिची थोरली जाऊ होती. तिनं सहज वळून पाहिलं आणि हातातलं कणीसच टाकून दिलं.

"अगं बये, मान बघ तुझी! रक्तानं भिजलीय सगळी!"

चुळबुळीनं मानेवरून हात फिरवला, लाल झालेली बोटं बघितली. "पातं लागलं असेल."

"पातं कसलं? कानाची पाळी दोन फाका होऊन लोंबतेय! दुखत नाही का तुला?"

"नाही."

"माणूस आहेस का मेख?" जाऊ पदर फाडत म्हणाली. तिनं कानाला चिंधी दाबून धरली, पायानं माती चाळून रिंग शोधली आणि टोपल्या तिथंच ठेवून हिला दवाखान्याच्या रस्त्याला लावलं.

चुळबुळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती सहा वर्षांची असताना गावच्या सोनारानं तिचे कान टोचले, तेव्हा डावं छिद्र बरोबर मधोमध पडलं आणि उजवं पार खाली, कडेला. आई म्हणायची, "हललीस ना तू! जरा म्हणून ढुंगण टेकवत नाहीस, मग सोनार तरी काय करील?" तेव्हापासून ती चुळबुळी झाली. पोरींनी चिडवलं, सासरी हसले. माहेर वरच्या आळीत आणि सासर खालच्या, त्यामुळं नवरा म्हणायचा, "तुझं एक कानातलं माहेराकडं बघतंय, एक सासराकडं." कडेचं ते छिद्र वर्षानुवर्षं ओघळत गेलं आणि शेवटी त्याची नुसती चीर उरली होती.

सात महिन्यांपूर्वी नवरा शेतातच गेला. बांधावर बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून बाई ना रडली ना कुणाशी त्याबद्दल एक शब्द बोलली. आयाबायांनी गळ्यात पडून बघितलं, कुणी खांदे धरून हलवलं. ही आपली उठायची, धार काढायची, शेतावर जायची. गाव म्हणायचं, नावाची चुळबुळी, पण आता हलेना की डुलेना.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं कान बघितला, दिवा जवळ ओढला. "मावशी, आधी जागा बधीर करते. थोडं टोचेल."

"करा."

"डॉक्टरीणबाई, हिला कशाला औषध वाया घालवताय?" जाऊ म्हणाली. "ही मूळचीच बधीर आहे."

डॉक्टरीण हसली नाही. फाटलेल्या कडा तिनं जराशा कापून ताज्या करून घेतल्या, जुळवल्या, पाच टाके घातले. मग डाव्या कानाकडं वळली. "हे छिद्रही ओघळलंय. दोन्ही बुजवू. तीन महिन्यांनी या, दोन्ही कान एका रेषेत टोचून देते."

"चालेल," चुळबुळी म्हणाली. तिला तीन महिने काय आणि तीन वर्षं काय.

तीन महिन्यांत मका निघाला, रान नांगरून झालं. जावेनं ही गोष्ट पिठाच्या गिरणीत सांगितली, गिरणीतून ती म्हाताऱ्या सोनाराच्या कानावर गेली. त्यानं दुकान केव्हाच मोडलं होतं. पण ठरल्या दिवशी दोघी जावा दवाखान्यात पोचल्या, तर हा धुतलेला सदरा घालून आधीच बाकावर बसलेला. खिशात शाईचं पेन आणि दोऱ्याचं रीळ.

"टोचा तुम्ही," तो डॉक्टरणीला म्हणाला. "पण टिपके मी काढणार."

"काका, दिसतं का तुम्हाला?"

"एका डोळ्यानं दिसतं. टिपक्याला एक पुरतो."

डॉक्टरणीनं खुर्ची दिली. म्हाताऱ्यानं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोरा धरला, मागं सरून बघितलं, परत धरला. चार वेळा मापलं.

"काका," चुळबुळी म्हणाली, "या वेळी हलणार नाही मी."

म्हाताऱ्यानं दोरा खाली घेतला.

"तू तेव्हाही हलली नव्हतीस, पोरी. दगडासारखी बसली होतीस."

"आई तर म्हणायची..."

"तुझी आई देवमाणूस. त्या दिवशी सकाळी मी शहरातल्या दवाखान्यातून आलो होतो. माझी पोर पहाटे गेली होती. तुझ्याच वयाची. बायको तिथंच तिच्यापाशी बसलेली, मी गाडीची सोय करायला गावात आलेलो. दारात तुझी आई तुला घेऊन उभी. म्हणाली, आजचं ठरलंय ना? मी हो म्हणालो. तोंडातून दुसरं काही निघेचना. सुई तापवली आणि टोचलं. तुझी आई शिव्या घालत गेली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं. तेव्हापासून ती गावभर सांगायला लागली, पोरगीच हलली म्हणून. मी सांगू देत राहिलो. माझी चूक सगळा जन्म तुझ्या कानात राहिली."

जावेनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीण हातातला कापूस चुरत उभी राहिली. चुळबुळीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काढा टिपके."

त्यानं दोन टिपके काढले, डॉक्टरणीनं टोचलं. झालंसुद्धा. डॉक्टरणीनं आरसा पुढं धरला, तर तिकडं न बघताच चुळबुळी उठली.

दोघी बाहेर आल्या, तर बसथांब्याच्या बाकावर म्हातारा बसला होता. चुळबुळी त्याच्याजवळ जाऊन खाली वाकली. त्यानं दोन्ही पाळ्या बोटांत हलकेच धरून चाचपल्या.

"सारखे आहेत," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली. तिनं विचारलं, "काका, नाव काय होतं तिचं?"

म्हाताऱ्यानं नाव सांगितलं, अगदी हळू. गावानं त्याच्यासमोर ते उच्चारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. त्यानं ते परत एकदा म्हटलं.

चुळबुळीनं मान हलवली. मग समोरच्या रस्त्याकडं बघत, पिकाची गोष्ट सांगावी तशा आवाजात ती म्हणाली, "त्या दिवशी बांधावरून यांनी मला पाणी मागितलं होतं. मी म्हटलं, एवढी सरी संपवते आणि आणते."

जाऊ दचकून तिच्याकडं वळली.

"आणि?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सरी संपवली मी."

बस आली, घटकाभर थांबली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. तिघांतलं कुणी उठलं नाही, तशी ती धूळ उडवत निघून गेली. म्हाताऱ्यानं चुळबुळीचा हात आपल्या हातात घेतला. तिनं तो तसाच राहू दिला.