यंत्र वाचत नाही ती ओळ

रेम चार कप्प्यांचा स्टीलचा डबा. तिसऱ्या कप्प्याला पोचा आहे.

रेम मांजरी, प्लॉट सतरा.

रेम कारली चिरून मीठ लावून पिळायची. त्या दिवशी पिळली नाहीत.

रेम सहाशे एक्केचाळीस.

"काकू, हे काय लिहिलंय?" तेजस्विनीनं स्क्रीनकडे वाकून विचारलं.

"तूच म्हणालीस ना, ओळीच्या सुरुवातीला रेम लिहिलं की यंत्र ती ओळ वाचत नाही?"

"हो, पण ते नोंद ठेवायची असेल तर."

"मग नोंदच आहे ही."

तेजस्विनी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. वर्ध्याची मुलगी, आयटीत नोकरी, निम्मा आठवडा घरूनच काम. सुनीतीबाई कर्वेनगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं टंकलेखनिक होत्या. त्यांचे यजमान उत्तरेश्वर मांजरीकडे उसाच्या शेतावर नोंदी घ्यायचे. अक्षर इतकं वाईट, की साहेबांनीच हातात रेकॉर्डर दिला होता. दिवसाला एक फाइल. ते गेले तेव्हा अशा सहाशे एक्केचाळीस फाइली मागे राहिल्या. त्या फाइली रेकॉर्डरबरोबर आलेल्या जुन्या प्रोग्रॅमनं बदलून घेतल्याशिवाय कशावरच वाजत नव्हत्या. तो प्रोग्रॅम चालायचा फक्त या जुन्या कॉम्प्युटरवर, काळ्या खिडकीत, हुकूम टाइप केला की.

सुनीतीबाई रोज सकाळी चहाबरोबर एक हुकूम टाइप करायच्या आणि एक दिवस ऐकायच्या. उसाचे फुटवे, पानांचा रंग, खोकला. दोनशे चौदा दिवस झाले होते. क्रम मोडायचा नाही. सगळ्यात शेवटची फाइल ते शेतात कोसळले त्या दुपारची होती. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, ते आता आठवत नव्हतं. डब्यात मुद्दाम कारलं दिलं होतं, ते आठवत होतं. त्यांना कारलं बघवत नसे. शेवटच्या फाइलीत ते काही बोलले असतील, किंवा उपाशी, गप्प बसले असतील. दोन्ही ऐकायची तयारी नव्हती. रोज एक म्हटलं की सव्वा वर्ष तरी हातात होतं.

पण परवा कॉम्प्युटरच्या पेटीतून कर्र असा आवाज यायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, याचे दोन दिवस राहिलेत. फार तर तीन."

"रोज तीच ओळ टाइप करता? नुसतं नाव बदलून?" तेजस्विनीनं विचारलं.

"पगार त्याचाच घेतला मी. तारीख बदलायची, पत्र तेच."

"आता एकदाच लिहायची. नोटपॅडमध्ये. सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट बॅट. मग क्लिक केलं, की ती राहिलेल्यांतली एकेक फाइल उचलत जाते. सगळ्या संपेपर्यंत."

"सगळ्या संपेपर्यंत," सुनीतीबाई म्हणाल्या.

"आणि मधे विचारत बसेल, आधीच्या फाइलवर लिहू का? त्याला आत्ताच हो सांगून ठेवू. नाहीतर चारशे वेळा एंटर माराल." तिनं घड्याळ पाहिलं. "माझी मीटिंग आहे. शेवटी तयार होणाऱ्या फाइलचं नाव टाकायचं राहिलंय, तेवढं टाका आणि चालवा. जमेल ना?"

"टाइप करता येतं मला. अर्ज टाइप करूनच नोकरी मिळाली होती."

सुनीतीबाईंनी नाव टाइप केलं, उत्तरेश्वर. क्लिक केलं.

काळ्या खिडकीत तारखा वर सरकू लागल्या. आवाज नाही, नुसत्या तारखा. दिवाळी गेली. संक्रांत गेली. त्यांना ताप आला होता तो आठवडा एका श्वासात गेला. सुनीतीबाईंचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि परत आला. सात मिनिटांत सव्वा वर्ष संपलं.

फोल्डरमध्ये नवी फाइल मात्र एकच होती.

तेजस्विनी खाली आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "काकू, सगळ्यांना एकच नाव दिलंत!"

"कार्बनच्या चार प्रती काढल्या तरी मथळा एकच असतो."

"या प्रती नाहीत हो. प्रत्येक दिवस आधीच्या दिवसावर लिहिला गेला. आता फक्त शेवटचा उरलाय. मूळ फाइली आहेत, टेन्शन नाही. हिला डिलीट करते."

"थांब."

सुनीतीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फाइल लावली.

"प्लॉट सतरा. फुटवे नऊ. पानांवर तांबेरा, थोडा." वारा. "जयसिंग, ये रे, सावलीत बस." झाकण निघाल्याचा आवाज. "कारलं. बायको रागावली की कारलं. वर्षातून साधारण चारदा. यंदाचं हे दुसरं. नोंद घ्यावी." कुणीतरी हसलं. मग चावण्याचा आवाज. "पिळलेलं नाही." पुन्हा चावण्याचा आवाज. मग खट्.

"काका जोक मारायचे?" तेजस्विनीनं हळूच विचारलं.

"घरी नाही."

पेटी कर्र वाजली. सुनीतीबाईंनी चष्मा लावला. "प्रत्येकाला ज्याचं त्याचं नाव कसं द्यायचं, ते सांग."

"टक्क्याचं चिन्ह दोनदा, मग एफ."

त्यांनी एका बोटानं, सावकाश टाइप केलं. पुन्हा दिवाळी गेली, संक्रांत गेली, ताप गेला. या वेळी तारखा गेल्या तशा फोल्डरमध्ये एकाखाली एक येऊन बसल्या. चारशे सत्तावीस. तेजस्विनीनं त्या पेनड्राइव्हवर घेतल्या. कॉम्प्युटर बंद केला, तो परत लागला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सुनीतीबाईंनी तेजस्विनीच्या जुन्या लॅपटॉपवर दोनशे पंधरावी फाइल लावली. प्लॉट तीन, पाणी दिलं, खोकला.

पेनड्राइव्हवर ती हुकुमांची, डॉट बॅट नावाची फाइलही आहे. तिच्यात सगळ्यात खाली, हुकूम संपल्यावर, त्यांनी एक ओळ लिहिली आहे.

रेम डबा ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी शेतावरच्या जयसिंगनं आणून दिला होता. चारही कप्पे रिकामे, धुतलेले.