बाहीवरचा डाग

कल्पना करा, तुमच्या पलंगासमोरच्या भिंतीवर एक चित्र टांगलंय. दारापेक्षा थोडंसंच लहान. त्यात एक आई खिडकीशी बसून मुलीचे केस विंचरते आहे. मुलीचं तोंड वाकडं झालंय, कारण गुंता सुटत नाहीये. रोज सकाळी डोळे उघडले की आधी या दोघी दिसतात. आलं डोळ्यांसमोर? आता त्या पलंगावर तुमच्याऐवजी एका सात वर्षांच्या मुलीला बसवा. ती घटकाभरही स्वस्थ बसत नसे, म्हणून घरात तिला सगळे चुळबुळी म्हणत.

ते चित्र चुळबुळीच्या आजोबांनी छापलं होतं. काढलं होतं दुसऱ्याच कुणीतरी, फार पूर्वी. आजोबा छापखान्यात होते. चित्राचा फोटो यायचा, त्यावर कुठे धूळ, कुठे ओरखडा. आजोबा डोळ्याला भिंग लावायचे आणि चार केसांच्या कुंचल्याने एकेक डाग बुजवायचे. या चित्रावर तर त्यांनी सहा दिवस मान मोडून काम केलं होतं. तेव्हापासून छापखान्यात त्यांना उस्ताद म्हणू लागले. घरी पाहुणा आला की तो टेकायच्या आत आजोबा त्याला चित्रासमोर उभं करत आणि म्हणत, एक डाग शोधून दाखवा.

एक दिवस चुळबुळी शाळेतून बातमी घेऊन आली. मूळ चित्र संग्रहालयात आलंय आणि फक्त रविवारपर्यंत आहे. तिने घर डोक्यावर घेतलं. बाबा म्हणाले, जे घरबसल्या दिसतंय त्यासाठी रांगेत कशाला तिष्ठायचं? आजोबा म्हणाले, माझे गुडघे दुखतात. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. मूळ चित्र त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यापुढे आपलं काम फिकं पडलं तर, अशी धाकधूक त्यांना लागली होती. पण नातीपुढे त्यांचं कधी काही चाललंय? रविवारी दोघं रांगेत होती.

तासाभराने नंबर लागला आणि चुळबुळीचा चेहरा पडला. चित्र जेमतेम वहीएवढं होतं. आपलंच मोठं आहे, असं ती म्हणाली तेव्हा आजोबांच्या जिवात जीव आला. ते निघालेसुद्धा, पण चुळबुळी जागची हलेना. ती वाकली, मान तिरकी केली, बाजूने बघू लागली. बाजूने बघितल्यावर रंग वर आलेला दिसत होता. मुलीच्या केसांत तो इतका जाड आणि विस्कटलेला होता की खरोखरच गुंता झाल्यासारखा वाटावा. आणि आईच्या निळ्या बाहीवर बारीक बारीक रेषांचा एक ठसा होता.

"आजोबा, इथे कुणीतरी अंगठा लावलाय."

आजोबा वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "हा मला आठवतो. फोटोत नुसता काळपट ठिपका होता. मी धूळ समजलो. चित्रकाराचा अंगठा होता गं तो, आणि मी अख्खा दिवस खपून तो पुसला."

मागच्यांनी घाई केली, तशी दोघं बाहेर आली. आजोबा पायरीवर बसले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. घरी गेल्यावर ते चित्र उतरवून टाकू, म्हणाले.

चुळबुळी त्यांच्या शेजारी बसली आणि, खरं सांगतो, पाच मिनिटं अजिबात हलली नाही.

"तेव्हा तुम्ही डाग शोधत होता," ती शेवटी म्हणाली. "चित्र कुठे बघत होता?"

"तेच माझं काम होतं, शहाणे."

"मग आज नुसतं बघा. काही दुरुस्त करायचं नाही."

तिने आजोबांच्या खिशातून चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि त्यांच्या नाकावर चढवला. एक काडी कानाच्या बाहेरच राहिली. मग त्यांचं बोट धरून तिने त्यांना उठवलं आणि आजोबांना पुढे घालून ती पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.