पंचबाईंचा अडलेला शब्द

घोडपदेवच्या दर्शना पेडणेकरला पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा तिला नुकतं सत्तेचाळिसावं लागलं होतं. अटॅक सौम्य होता. तीन महिन्यांत उजवा हात चालायला लागला, पाय ओढणं थांबलं आणि चाळीतल्या बायका म्हणाल्या, देव पावला. राहिलं ते इतकंच की नावं पळायची. समोर सांडशी दिसायची, ती कशाला लागते हे ठाऊक असायचं, हातही बरोबर तिच्याकडेच जायचा. पण तोंडातून 'चमचा' निघायचं, नाहीतर काहीच नाही. घाईगर्दीत तर जास्तच.

"शब्द पुसले गेले नाहीत, वाट अडलीय," हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या. "वळसा घ्या. वर्णन करा, हाताने दाखवा. आणि घरच्यांनी लगेच शब्द पुरवायचे नाहीत."

घरचे म्हणजे तिचा नवरा दीपक. ती "ते द्या हो, ते…" म्हणाली की तो तांब्या, टॉवेल, चावी, रिमोट अशी यादीच वाचायचा. जीव तुटायचा म्हणून करायचा, पण ती चिडायची.

दर्शना मूळची कबड्डीतली. अकरा वर्षं परळच्या एका संघातून खेळली, मग परीक्षा देऊन पंच झाली. अटॅकनंतर वर्षभराने तिने पुन्हा शिट्टी हातात घेतली. नियम तोंडपाठ होते, नजर शाबूत होती आणि पंचाचं निम्मं काम हातानेच होतं. पाच-सहा सामने नीट पार पडले. शब्द अडतात हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर घरी बसवतील, ही भीती.

मग लालबागला महिलांचा उपांत्य सामना लागला. चार मिनिटं उरली होती, फरक दोन गुणांचा. पिछाडीवरच्या संघाची कप्तान नूपुर चढाईला आली. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही कडांनी मीटरभराचा पट्टा असतो, त्याला राखीव क्षेत्र म्हणतात. कुणाला स्पर्श व्हायच्या आधी चढाई करणारीचा पाय त्यात पडला तर ती बाद. नूपुरचा पाय पडला, आणि मग तिने कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला. दर्शनाने शिट्टी मारून तिला बाद दिलं.

नूपुर धावत आली. "ताई, मी टच केलं ना! आऊट कशी?"

"तू आधी…" दर्शना थांबली. "तू आधी गॅलरीत गेलीस."

चुकलं हे तिलाच आधी ऐकू आलं. बाकावरच्या मुली खिदळल्या.

"गॅलरी नाही. ते… ओसरी."

"अहो बाई, तुम्ही पंच आहात की बिल्डर?" नूपुरचा प्रशिक्षक हितेंद्र बाहेरून ओरडला. "ज्यांना मैदानातली नावं येत नाहीत, ते निकाल काय देणार?"

प्रेक्षकांत दीपक अर्धवट उठला होता, त्याचे ओठ हलत होते. तिने तळवा दाखवून त्याला बसवलं आणि चार पावलं चालत पट्ट्यावर गेली. नूपुरचा पाय पडला होता तिथे स्वतःचा पाय रोवला.

"हा पाय. पहिला." मग आत येऊन कोपऱ्यातल्या मुलीच्या दंडाला हात लावला. "हा हात. नंतर."

सामन्याचे मुख्य पंच, ज्यांना खेळात सरपंच म्हणतात, ते गौतम काळे पुढे आले. त्यांनी दुसऱ्या पंचाला विचारलं. त्याला पलीकडून दिसलं नव्हतं. मग ते नूपुरकडे वळले. "पाय आधी पडला होता?"

नूपुर बाहेर जाऊन बसली. निकाल कायम राहिला आणि तिचा संघ तीन गुणांनी हरला.

दोन दिवसांनी हितेंद्रने लेखी तक्रार दिली. कबड्डी संघटनेच्या दादरच्या कार्यालयात समितीची बैठक झाली. दीपक सोबत होता. पहिल्याच प्रश्नाला त्याने तोंड उघडलं तसं तिने टेबलाखालून त्याचं मनगट दाबलं.

"मला अटॅक आला होता," ती थांबत थांबत म्हणाली. "नावं अडतात. दिसतं सगळं. कळतं सगळं."

"मग परत तसं झालं तर?" एका सदस्याने विचारलं.

"होईल. होणारच. मी दाखवीन. तेवढं थांबा."

हितेंद्र खुर्चीत चुळबुळला. "मॅडम, मला कुणी बोललंच नाही हो. मला वाटलं, तुमचं लक्ष नाही. नाहीतर मी तसं बोललो नसतो."

"मी लपवलं," दर्शना म्हणाली. "ती चूक माझी."

तासाभराने निर्णय झाला. तिने पंच म्हणून काम करावं, सामन्याआधी दोन्ही कप्तानांना कल्पना द्यावी. सरपंचपद मात्र तूर्त नाही, कारण तिथे वाद ऐकून तोंडी निकाल द्यावा लागतो. यंदा त्या पदासाठी तिचाच नंबर होता. दादर स्टेशनकडे येताना फुलबाजाराशी तिला रडू कोसळलं. दीपक बाजूला उभा राहिला. रडू ओसरल्यावर म्हणाला, "चहा घेऊ या?" तिने मान हलवली.

पुढचा सामना चिंचपोकळीला होता. नाणेफेकीआधी तिने दोन्ही कप्तानांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यातली श्रेया नावाची मुलगी म्हणाली, "आणि तुमचा निकाल पटला नाही तर?"

"तर सरपंचांकडे जा. सगळे जातात तशी."

पूर्वार्धातच श्रेया सरपंचांकडे गेली. चढाईत बोनसच्या रेषेपलीकडे एक पाय टेकताना दुसरा हवेत असला तर जादा गुण मिळतो. आपला दुसरा पाय हवेत होता, असं तिचं म्हणणं होतं. दर्शनाने गुण नाकारला होता. सरपंचांनी रेषेजवळ बसलेल्या पंचाला विचारलं. त्याने श्रेयाचं खरं असल्याचं सांगितलं. दर्शनाने मान डोलावली, श्रेयाच्या संघाकडे अंगठा वर करून गुण दिला आणि पुढच्या चढाईसाठी शिट्टी मारली.