घरात आई आहे ना

माझं विमान रविवारी दुपारचं होतं आणि रुहीच्या शाळेची ईमेल आली शुक्रवारी संध्याकाळी, शाळेचं ऑफिस बंद झाल्यावर. मी वर्ध्याला मुख्याध्यापिका होते, त्यामुळे यातली मेख मला लगेच कळली. नकोशी नोटीस आठवड्याच्या शेवटी लावायची आणि आपण घरी जायचं, म्हणजे भांडायला कोणी येईपर्यंत सोमवार उजाडतो. वर्धा काय आणि हे शिकागोजवळचं नेपरव्हिल काय, शाळा इथून तिथून सारख्याच.

माझी मुलगी इशिता ओट्याशी उभी राहून फोनवर वाचत होती. एका हातात पोळी तशीच राहिली होती.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. थांब जरा." मग तिने ते पुन्हा वरपासून वाचलं.

माझी नात रुही पाच वर्षांची आहे. बुधवारपासून ती मोठ्या शाळेत जाणार होती. सकाळी बस घेऊन जाईल, दिवसभर शाळा, नंतर सहापर्यंत शाळेतच मुलं सांभाळण्याची सोय, असं उन्हाळाभर ठरलेलं होतं. त्यावरच माझं तिकीट काढलं होतं. एप्रिलमध्ये मी आले ती पाळणाघराऐवजी आणि जाणार होते ती शाळा सुरू होते म्हणून. आता शाळा कळवत होती की पहिले दोन आठवडे लहान मुलांनी दोन ग्रुप करून दिवसाआड यायचं, तेही फक्त दुपारपर्यंत. दुपारची बस नाही. संध्याकाळच्या सोयीला माणसं मिळाली नाहीत, ती सप्टेंबरातली लेबर डेची सुट्टी झाल्यावर बघू.

इशिताने ते मला वाचून दाखवलं. सुरुवातच अशी की हे कळवताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे. आमच्या नोटिशी 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' अशा सुरू व्हायच्या. त्यात आनंद वगैरे काही नसायचा, पण निदान कोणाच्या जखमेवर मीठ तरी पडत नव्हतं. शेवटी यांनी पालकांच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. सहकार्य अजून कोणी केलंच नव्हतं. आधी आभार मानून टाकले की माणसाला नाही म्हणायला तोंड उरत नाही.

"मी गेल्या महिन्यात जॉइन झालेय, आई," इशिता म्हणाली. "बुधवार ते शुक्रवार ऑफिसला जावंच लागतं. दुपारी बाराला पिकअप कोण करणार? मी शिकागोहून ट्रेनने येऊ?"

जावई ऋषी दर सोमवारी पहाटे डॅलसला जातात, गुरुवारी रात्री येतात. इशिताची नोकरी नवीन आणि व्हिसाही तिच्यावरच अवलंबून. सुट्टी मागावी तर अजून रजा साठलेली नाही. पोरीची कोंडी मला दिसत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तर उन्हाळाभर दिसत होती.

रात्रीच्या जेवणात कोणी विषय काढला नाही. ऋषींनी आमटीचं कौतुक केलं. आमटीत मीठ कमी होतं. माझ्या दोन्ही बॅगा जिन्यापाशी भरून, वजन करून ठेवलेल्या होत्या आणि बाथरूमकडे जाताना प्रत्येक जण त्यांना वळसा घालून जात होता. मला कोणी काही विचारलं नाही. विचारणार नाहीत हे मला माहीत होतंच, कारण आमच्यात आईला विचारत नाहीत. ती आपण होऊन म्हणेपर्यंत वाट बघतात.

सकाळी चहा घेताना मी म्हणाले, "मी राहते हवं तर."

आता हे म्हणण्याची आपल्याकडे एक रीत आहे. मी राहते म्हणायचं, मुलीने नको म्हणायचं. मी पुन्हा म्हणायचं, तिने पुन्हा नको, तुझा तिकडे खोळंबा होईल, बाबा एकटे आहेत, आम्ही बघतो काहीतरी, असं म्हणायचं. मग मी नाइलाज दाखवून मोकळ्या मनाने विमानात बसायचं. मला घरी जायचं होतं. चार महिन्यांत एकदाही मी ते तोंडाने बोलले नव्हते, पण बॅगा आठवडाभर आधी भरणाऱ्या बाईला काय हवं असतं ते सांगायला लागू नये.

इशिताने कप खाली ठेवला. डोळे मिटून घेतले.

"खरंच?" ती म्हणाली.

माझा पहिला डाव टाकून झाला होता आणि समोरून पान पडलं ते भलतंच. ती इथे पंधरा वर्षं राहिली म्हणून रीत विसरली, की इतकी थकली होती की रीत पाळायचं त्राण नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अगं, त्यात काय," मी म्हणाले.

"थँक यू, आई." ती उठून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. चांगली मिनिटभर. त्या डोक्याचं ओझं मला चांगलंच जाणवलं. ऋषी लगेच म्हणाले, "मी एअरलाइनला फोन करतो. महिनाभर पुढची तारीख घेऊ या का? म्हणजे घाई नको."

महिनाभर. शाळेने दोन आठवडे सांगितले होते.

"बाबांना तू सांगशील ना?" इशिताने विचारलं.

सांगायला तर हवंच होतं. मी फोन घेऊन मागच्या अंगणात आले. तिकडे संध्याकाळ झाली असेल, हे जेवायच्या आधी बाहेरच्या खोलीत बसलेले असतील. आमच्या ह्यांना व्हिडिओ कॉल जमत नाही असं ते म्हणतात. उन्हाळाभर मला पंखा दिसायचा, फार तर कपाळाचा थोडा भाग. फोन नीट धरा म्हटलं की म्हणायचे, मी तोच आहे, त्यात बघायचं काय.

आज मात्र फोन शेजारच्या गुरुनाथने उचलला. बँकेतून येता येता तो रोज डोकावतो.

"काकू, नमस्कार. काकांना बटण सापडत नव्हतं, म्हणून मी घेतला," असं म्हणत त्याने फोन सरळ ह्यांच्या तोंडासमोर धरला.

भुवईवर पट्टी होती. शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली. आणि ते माझ्याकडे न बघता फोनच्या जरा बाजूला बघत होते.

"कपाळाला काय झालं?"

"कपाटाचं दार. उघडं राहिलं होतं."

"दिसलं नाही?"

"दिसलं. अंदाज चुकला."

ह्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत झालं. दुसरा महिन्याभरात करायचा होता. पण मग मला इकडे यावं लागलं, आणि ऑपरेशननंतर दिवसातून कितीदा तरी थेंब घालायचे, वाकायचं नाही, डोकं भिजवायचं नाही, हे सगळं बघायला घरात कोणीतरी लागतं. मी आल्यावर करू असं ठरलं. एका डोळ्याने दिसतंय की, असं ते म्हणायचे आणि मला ते पटवून घेणं सोयीचं होतं. एका डोळ्याला लख्ख आणि एकाला धुकं असलं की पायरी कुठे संपते ते कळत नाही, हे मी निघायच्या आधी डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले होते.

"अहो, डोळ्याची तारीख कोणती घेतली आहे?" मी विचारलं. पुढे ढकला असं सांगायचं होतं.

गुरुनाथच मध्ये म्हणाला, "तारीख घेतलीच नाहीये, काकू. मी दोनदा म्हटलं, नंबर लावून देतो. काका म्हणतात, तिच्या बॅगा घरात आल्या की लावू. मागच्या वर्षी पण काकू लवकर यायच्या होत्या आणि तिकडेच दिवाळीपर्यंत राहिल्या ना."

"तू जा रे, तुझा चहा गार होतोय," हे म्हणाले.

"आणि पेपर कसा वाचता?" मी विचारलं.

"पेपर तो वाचून दाखवतो. आवाज चांगला आहे त्याचा," हे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तुझं काही पुढे गेलंय का? गेलं असेल तर सांग, मी काही म्हणत नाही."

मला राग आला. आधी त्यांचा आला, कारण न भांडता ते आधीच हरून बसले होते. शाळेचा तर कालपासून होताच. मग माझा आला. रुहीच्या शाळेला मी काल रात्रभर नावं ठेवली होती, आणि या माणसाला मी काय कळवत होते? विमानाच्या आदल्या दिवशी, तेही सहकार्य गृहीत धरून.

"नंतर करते फोन," मी म्हणाले आणि आत गेले.

ओट्यावर ऋषींचा फोन स्पीकरवर ठेवला होता. एअरलाइनचं संगीत चालू होतं. इशिता लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती आणि कालपेक्षा तिचा चेहरा सैल दिसत होता. ते बघून माझा पाय अडखळला. पण अडखळून थांबले असते तर थांबलेच असते.

"ऋषी, तो फोन ठेवून द्या," मी म्हणाले. "मी उद्या जातेय."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. संगीत चालूच राहिलं.

"आई, फ्लाइट उद्या आहे," इशिता म्हणाली. "तू हे आत्ता सांगतेस? मी बॉसला मेल टाकला की माझं चाइल्डकेअर सॉर्ट झालंय म्हणून."

"हो. उशिरा सांगतेय."

"मी सकाळी विचारलं ना तुला, खरंच का म्हणून?"

"विचारलंस. मी खोटं बोलले. मला वाटलं तू नको म्हणशील."

तिला बराच वेळ हे कळेना. मग कळलं आणि तिचा चेहरा पडला. ऋषींनी हळूच फोन बंद केला.

मी ह्यांच्या डोळ्याचं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, बटणांचं सांगितलं, गुरुनाथच्या पेपरचं सांगितलं. इशिता ऐकत राहिली.

"पण बाबांचं ऑपरेशन तर झालं ना?"

"एकाचं झालं."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आणि आम्ही आपण होऊन सांगितलं नाही. दोन्हीकडून राहून गेलं."

रुही आतून आली, पायात शाळेचे नवे बूट घालून. घरात बूट घालू नकोस असं सांगायचं कोणाला सुचलं नाही. "आजी, आर यू स्टेइंग ऑर गोइंग?" तिने विचारलं. या घरात नीट प्रश्न विचारणारी ती एकटीच.

"गोइंग," मी म्हणाले.

"ओके," म्हणून ती बूट वाजवत परत गेली.

इशिता खुर्चीत बसून राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण रडायलाही जोर लागतो. थोड्या वेळाने तिने फोन उचलला. दोन गल्ल्या सोडून हिमानी राहते, तिचा मुलगाही याच वर्गात जाणार आहे. मला वाटलं, ही आता तिच्याशी शाळेला शिव्या घालणार.

"हिमानी, तुझा कुठला ग्रुप आलाय? ... आमचा दुसरा. ऐक ना, एक विचारायचं होतं." ती थांबली. मागणं तिला जड जातं, ते माझ्याकडूनच आलंय. "मी घरी असते त्या दिवशी दोघांना मी बघते, तू घरी असशील त्या दिवशी तू, असं काही करता येईल का? सगळं नाही, जितकं जमेल तितकं."

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. हिमानी हॉस्पिटलात नोकरीला आहे, तिच्या पाळ्या बदलतात. बुधवार जमेल, शुक्रवार बहुतेक जमेल, गुरुवारचं काही सांगता येत नाही, असं निघालं.

"काल मी तिला हेच विचारणार होते," फोन ठेवून इशिता म्हणाली. "मग म्हटलं कशाला, घरात आई आहे ना."

"गुरुवारचं काय?"

"माहीत नाही. गाडीत बसून मीटिंग करीन. काढतील तर काढतील." मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आई, तू राहिली असतीस ना, तर लेबर डेनंतरही मी तुला जा म्हटलं नसतं. मला माहितीये."

"मलाही," मी म्हणाले.

मी ह्यांना परत फोन लावला. आता गुरुनाथ गेलेला होता. पंखा दिसला.

"अहो, मी उद्या निघतेय. ठरल्याप्रमाणे. दवाखाना अजून उघडा असेल, नंबर लावून टाका."

"बॅगा घरात येऊ देत," पंख्याखालून आवाज आला. "मग लावतो."

मी फोन तसाच धरून उभी राहिले. इशिताने तो माझ्या हातातून घेतला.

"बाबा, मी बोलतेय. मी स्वतः तिला सोडायला जातेय. तुम्ही आजच नंबर लावा."

मग फोन हलला, पंखा गेला आणि अर्धं कपाळ आलं, पट्टीसकट. इशिताने ती पट्टी पहिल्यांदा बघितली.

"आणि रुहीच्या शाळेचं काय?" त्यांनी विचारलं. "तुझी सोय झाली का?"

इशिताने तोंडावर हात ठेवला. हो म्हणून मान हलवली, पण ती त्यांना दिसत नव्हती.

"झाली का गं?" त्यांनी पुन्हा विचारलं.