मागच्या डेकवरचं वल्हं

धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहायला येत होतं, बाकी काही नाही. पहिल्यांदा कयाकमध्ये, त्या एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होडीत, बसताना ती तोंड मागे करून बसली होती. हे थोरलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पुढची दोन वर्षं आल्यागेल्याला सांगितलंही होतं. आता सांगून उपयोग उरला नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. शिकायला येणारी माणसं फोनवर विचारायची, "त्या हसऱ्या बाई आहेत ना? आम्हाला त्यांच्याच तुकडीत घाला." थोरली "बघते हं" म्हणायची आणि ती नावं स्वतःच्या तुकडीत लिहून टाकायची.

कयाक शिकवायची ही शाळा सासऱ्यांनी काढलेली. दोन्ही मुलगे होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये रमलेले, त्यामुळे समुद्रावरचं काम सुनांकडे होतं. थोरलीला त्यात अठरा वर्षं झाली होती. वर्षातून एकदा जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन पाच दिवसांची बेटांची फेरी निघायची. तिचं पुढारपण आजवर सासऱ्यांचं होतं, पण यंदा त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. आता ते आपल्यालाच बोलावून सांगणार, असं थोरलीने धरून ठेवलं होतं. सासरे म्हणाले, "दोघींची परीक्षा घेतो. जी चांगली, ती नेईल."

अठरा वर्षांनंतर परीक्षा! तीही कालच्या पोरीच्या बरोबरीने. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सासऱ्यांपुढे ती "हो, बाबा" एवढंच म्हणाली.

परीक्षा सोपी नव्हती. कयाक पालथी करायची, माणूस कमरेपासून अडकलेला, डोकं पाण्याखाली. मग सासरे हातातलं वल्हं ओढून घेणार. आता डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या झाकणावर, बांधलेलं जादा वल्हं चाचपडत काढायचं आणि त्याच्या अर्ध्या तुकड्यावर जोर देऊन परत सरळ व्हायचं. जादा वल्ह्याचे दोन तुकडे असतात, ते इलॅस्टिकच्या दोरीखाली खोचलेले असतात आणि या शाळेत ते पुढच्याच डेकवर ठेवायचे हा नियम होता. पालथ्या पडलेल्या माणसाचा हात पुढे पोचतो, मागे पोचत नाही. वल्हं नाहीच मिळालं तर होडीतून निसटून बाहेर यायचं आणि पोहायचं. म्हणजे नापास.

थोरलीने सकाळीच परीक्षा दिली. धाकटी तेव्हा तुकडी घेऊन खाडीत गेली होती. बारा सेकंद लागले. सासरे म्हणाले, "छान." त्यांनी नेहमी म्हणायचं तेवढंच.

दुपारी धाकटीची पाळी. होड्या तयार करायचं काम थोरलीचं. तिने धाकटीची होडी वाळूवर आणली, जादा वल्ह्याचे दोन्ही तुकडे उचलले, जरा थांबली आणि मागच्या डेकवर खोचले. पोटातली आग तेवढी जराशी निवली.

धाकटीने आल्या आल्या पाहिलं. "ताई, आज मागे?"

"मागेच बरं," थोरली म्हणाली. "पुढे ठेवलं की वाऱ्याला अडतं."

"हो का?" धाकटीचा चेहरा उजळला. "बरं झालं सांगितलंत." तिने आणखी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर थोरलीने कदाचित वल्हं पुढे आणलं असतं.

होडी पालथी झाली. सासऱ्यांनी वल्हं ओढून घेतलं. थोरली काठावर उभी राहून मोजत होती. दहा. वीस. एक हात पाण्यातून वर आला, मागे मागे सरकला, पुन्हा बुडाला. तीस झाले तेव्हा थोरली गुडघाभर पाण्यात शिरली. एवढ्यात धाकटी होडीच्या पाठीवर जवळजवळ आडवी झालेली वर आली, अर्धं वल्हं छातीशी धरून, नाक खरचटून रक्त गळत असलेली. आणि हसत होती.

सासऱ्यांनी अठरा वर्षांत कुणासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशी वाजवल्या. "मुद्दाम अवघड करून मागून काढलंस? हे मलाही जमायचं नाही. फेरी तू ने."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. चार दिवस थोरलीला अन्न गोड लागलं नाही. दोघी एकाच ओट्याशी भाज्या चिरायच्या आणि धाकटी गुणगुणायची. ते गुणगुणणंही थोरलीला खपत नव्हतं. मी मागे बांधलं म्हणून तुझं कौतुक झालं, हे तिला तोंडावर म्हणावंसं वाटे. पण म्हणायचं कसं?

पाचव्या दिवशी सकाळी फेरीला जाणारी आठ माणसं सराव करायला आली. सासरे बंदराच्या कचेरीत परवान्यासाठी गेले होते. थोरली शेडच्या दारात लाइफ जॅकेटचे पट्टे तपासत होती. तिने मान वर केली. आठही होड्यांवर जादा वल्ही मागच्या डेकवर बांधलेली होती.

"पुढे ठेवलं की वाऱ्याला अडतं," धाकटी समजावून सांगत होती.

त्या आठांत एक जाडजूड दंतवैद्य होते. ते म्हणाले, "मागच्या वर्षी तर पुढे ठेवायला सांगितलं होतं. आणि पालथं झाल्यावर माझा हात मागे कसा पुरेल? मला पँटचा मागचा खिसाही सापडत नाही."

सगळे हसले. धाकटीही हसली. "सवयीने जमतं. मला जमलं ना? ही आमच्या ताईंची पद्धत आहे. त्यांना अठरा वर्षांचा अनुभव आहे."

थोरलीने मान खाली घातली. गप्प बसायचं, बस. काही करायचंही नाही. उद्या-परवा मोठ्या लाटांत यातलं कुणीतरी पालथं होईल, वल्हं सापडणार नाही, गटांगळ्या खाईल. कुणीतरी त्याला ओढून काढेलच. मग सासरे विचारतील, हे कुणी शिकवलं? धाकटी "ताईंनी" म्हणाली, तर आपण हात झटकायचे. तिच्या शब्दाला पुरावा काय? फेरी आपसूक आपल्याकडे येईल. हा सगळा हिशोब थोरलीने एक पट्टा ओढून होईपर्यंत केला. खरं सांगायचं तर तिला तो फार आवडला.

मग दंतवैद्य होडीत बसून पाहू लागले. त्यांनी हात मागे नेला. तो कमरेच्याही मागे जाईना. तरी ते मान डोलावत म्हणाले, "ताई म्हणतात तर असेल बुवा."

थोरली जॅकेट टाकून वाळूत आली.

"वल्ही पुढे घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी. मागे बांधायची पद्धत वगैरे काही नाही."

धाकटी गोंधळली. "पण ताई, तुम्हीच..."

"मी खोटं सांगितलं. तू नापास व्हावीस म्हणून मुद्दाम मागे बांधलं. मला फेरी हवी होती." आठ बाहेरच्या माणसांसमोर हे बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बाबांनाही मीच सांगेन."

दंतवैद्य होडीतून उठायचं विसरले. धाकटी नाकावरच्या खपलीला हात लावून उभी राहिली. मग वाकली, दंतवैद्यांचं वल्हं सोडवलं आणि पुढे खोचलं. तिथून दुसऱ्या होडीकडे गेली. थोरली दुसऱ्या टोकाने सुरू झाली. मधल्या होडीपाशी दोघी समोरासमोर आल्या.

"चिड ना," थोरली हळूच म्हणाली. "बोल काहीतरी."

धाकटी दोरी ताणत होती. वर न बघता म्हणाली, "त्या रात्री मी यांना झोपेतून उठवून सांगितलं होतं. म्हटलं, दोन वर्षांत आज पहिल्यांदा ताईंनी मला आपणहून काहीतरी शिकवलं."

थोरलीच्या हातातला वल्ह्याचा तुकडा तिने काढून घेतला आणि स्वतःच पुढे बांधला.