आईच्या मयताचे झगे

डॉक्टरांनी ‘बरी झाली, घरी पाठवा’ असं लिहून दिलं त्याला सहा वर्षं होऊन गेली, तरी अराबा एसुमान अजून बायकांच्या तीन नंबर वॉर्डातच होती. सरकारी वेड्यांच्या इस्पितळाचा नियमच तसा. घरच्या माणसाची सही झाल्याशिवाय पेशंटला कायमची सुटी मिळत नाही. गोऱ्या साहेबाने बांधून ठेवलेल्या त्या भिंतीच्या आत निम्म्या बायका अशाच होत्या, डोकं ठिकाणावर आणि घर बेपत्ता. कुणाच्या माणसांनी पत्ता खोटा दिला, कुणाच्या माणसांनी फोनचा नंबर बदलला.

अराबाचं तसं नव्हतं, म्हणजे निदान तिला तसं वाटत होतं. तिचा धाकटा भाऊ क्वामेना वर्षातून दोनदा यायचा, तळलेली मासळी आणि केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणायचा, आणि “छपराचं काम झालं की नेतोच ताई” म्हणून जायचा. मेलं ते छप्पर! एवढ्या दिवसांत गावातलं चर्च बांधून झालं असतं. पण अराबाने कधी तोंड वाकडं केलं नाही. या भावाला तिनेच वाढवलं होतं. बाप समुद्रात बुडाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पायमशीन चालवून चालवून तिने त्याची शाळा पुरी केली होती. पुढे तिचं बाळ पाळण्यातच गेलं आणि ती रात्रंदिवस रिकामा पाळणा हलवत बसली, तेव्हा तिला इथे आणून सोडलं तेही त्यानेच. ते चूक होतं असं ती कधी म्हणाली नाही. इथे येऊनच ती बरी झाली होती की.

नाताळाच्या आधी आई गेली. रिवाजाप्रमाणे देह शवागारात ठेवला आणि फेब्रुवारीतला एक शनिवार मयतासाठी ठरला. मग एके दिवशी क्वामेना इस्पितळाच्या शिवणखोलीच्या दारात उभा राहिला, अराबा दिवसभर तिथेच मशीनवर असायची. खांद्यावर हा एवढा थोरला कापडाचा गठ्ठा, काळ्यावर पांढरी नक्षी.

“ताई, घरच्या तेवीस बायकांचे झगे आहेत. शिंप्याकडे टाकले तर तो बिघडवून ठेवील. आईचं काम आहे. तुझ्यासारखा हात गावात आहे का कुणाचा?”

“मापं आणलीस?”

“आणली ना. ही चिठ्ठी.”

अराबाने चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली. “आणि माझा?”

“तुझाही शिव की! तू काय परकी आहेस? तू धरून चोवीस. मयताच्या शनिवारी पहाटे पाचला गाडी घेऊन येतो, सही करतो आणि कायमचीच नेतो तुला. आईची खोली आता तुझी. आपल्यात घर लेकीकडे जातं, हे मी तुला सांगायला हवं का?”

सिस्टर कूमसन कपाटाला टेकून ऐकत होत्या. पंचवीस वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई, कुणाच्या गोड बोलण्याला भुलणारी नव्हे. म्हणाल्या, “अरे क्वामेना, सही आजच कर ना. पेन मी देते.”

“पेन कशाला सिस्टर, शनिवारी रक्ताने करतो!” तो हसला आणि निघून गेला.

“गोड बोलतो मेला,” सिस्टर म्हणाल्या. “मला गोड खाल्लं की पित्त होतं.”

“माझा भाऊ आहे तो, सिस्टर,” अराबा म्हणाली, आणि कात्री उचलली.

बारा दिवसांत तिने चोवीस झगे उभे केले. वहिनीचा गळा मोठा, भाची एफुआचा कंबरेत घट्ट, कारण पोरीचं लग्न ठरलंय असं चिठ्ठीतच लिहिलं होतं. स्वतःच्या झग्याला तिने आतून एक खिसा लावला, गोळ्यांची पुडी ठेवायला. बाकी कुणाच्या झग्याला खिसा नव्हता. उरलेल्या काठातून तिने आईसाठी एक हातरुमाल केला. शवपेटीवर झाकण पडण्याआधी लेकरांनी काही ना काही आत द्यायचं असतं, कुणी कापड, कुणी साबण, कुणी रुमाल. प्रत्येक वस्तू उंच धरून अमक्या लेकीकडून, तमक्या लेकाकडून असा पुकारा होतो. अराबाने रुमालाच्या कडेला इतकी बारीक टीप घातली की सिस्टरना ती बघायला चष्मा लावावा लागला.

गुरुवारी क्वामेना झगे न्यायला आला. “तुझाही दे ताई. सगळ्यांबरोबर कडक इस्त्री करून आणतो.” तिने दिला. रुमाल तेवढा जवळ ठेवला.

शुक्रवारी वॉर्डातल्या बायकांनी तिला निरोप दिला. एकीने तर रडून गोंधळ घातला. शनिवारी पहाटे साडेचारला अराबा पिशवी घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसली. पाच वाजले, सहा वाजले. पहारेकऱ्याने दोनदा चहा विचारला. सातला वॉर्डाच्या खिडकीतून बायका बघायला लागल्या तेव्हा तिला मान वर करवेना.

सिस्टरांची रात्रपाळी संपली होती. त्या आल्या, बाकावरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि परत आत जाऊन वहीत ‘नर्सबरोबर दिवसाची बाहेरफेरी’ असं लिहून आल्या. आपल्या कपाटातलं काळं कापड त्यांनी अराबाच्या खांद्यावर टाकलं.

“ऊठ. आईला बघायला भावाची परवानगी लागत नाही.”

“गाडी बिघडली असेल हो त्याची.”

“असेल. मग वाटेत भेटेलच.”

ट्रोट्रोमध्ये, त्या भाड्याच्या खटारा गाडीत, माणसं खच्चून भरली होती. गावाच्या फाट्यावर उतरल्या तर समोर केंकेवालीच्या टपरीवर मयताचं पत्रक चिकटवलेलं. वर आईचा फोटो, खाली नात्यागोत्याच्या नावांच्या रांगा. अराबाने बोट ठेवून वाचलं. कुटुंबप्रमुख, मामा आरहिन. मुलं, क्वामेना एसुमान, दिवंगत अराबा एसुमान.

तिने पुन्हा वाचलं.

“छापणाऱ्याची चूक,” ती म्हणाली. सिस्टरनी तिचा दंड धरला.

अंगणात मांडव होता, बँड होता, आणि जिकडेतिकडे तिच्या हातचे झगे होते. वहिनी, मावशा, एफुआ. टिपा तिच्या, गळे तिचे. आणि पुढच्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर, एक अनोळखी जाडशी बाई बसली होती. झगा तिला काखेत रुतत होता. बाईने आतल्या खिशात हात घालून चष्मा काढला.

तेवढ्यात क्वामेनाने तिला पाहिलं. तो धावतच आला आणि तिला हाताला धरून न्हाणीच्या आडोशाला घेऊन गेला.

“ताई, पाया पडतो तुझ्या. आवाज करू नकोस.”

“माझा झगा घालून बसलीय ती कोण?”

“एफुआची होणारी सासू. विहीणबाईला घरचं कापड नको का द्यायला? ऐक ना. सोयरीक जमवताना लोक पहिलं काय विचारतात, तुला ठाऊक आहे. घरात कुणी वेडं आहे का? मी म्हटलं, एक बहीण होती, तापाने गेली.”

“मला मारलंस?”

“नुसतं कागदावर, ताई.”

“कधीची मेलेय मी?”

त्याने मान खाली घातली. “चार वर्षं झाली. एफुआचं पहिलं स्थळ मोडलं तेव्हापासून.”

चार वर्षं! चार वर्षं हा पोरगा मेलेल्या बहिणीला मासळी आणून देत होता आणि छपराच्या थापा मारत होता. अराबाला वाटलं, इथेच गळा काढावा, त्याचा सदरा फाडावा, विहिणीच्या अंगावरचा झगा उतरवून घ्यावा. पण ओरडली तर वेडी ठरणार होती. आणि आईची पेटी अजून उघडी होती. ती वळली आणि पेटीकडे चालू लागली.

पुकारा करणाऱ्याने तिच्या हातातला रुमाल घेऊन उंच धरला. “कुणाकडून?”

अराबाने मामाकडे पाहिलं. आरहिन मामा, ऐंशीचा, काठीवर हनुवटी टेकून बसलेला. लहानपणी तिला खांद्यावर बसवून होड्या दाखवायला नेणारा. तिचं नाव ठेवताना तिच्या ओठाला पाणी लावलं होतं तेही त्यानेच. त्याने तिला ओळखलं. डोळे भरून आले त्याचे, हे तिने स्पष्ट पाहिलं. मग त्याने पुढच्या रांगेतल्या विहीणबाईकडे पाहिलं, आणि पुकारा करणाऱ्याला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं.

“हा हातरुमाल,” पुकारा झाला, “इस्पितळातल्या एका दयाळू बाईकडून!”

“देव भलं करो तिचं,” मांडव म्हणाला. विहीणबाईसुद्धा म्हणाली.

सिस्टर कूमसन ताडकन पुढे झाल्या, पण अराबाने त्यांचा हात घट्ट धरला. रुमाल परत घेऊन तिने आईच्या थंड बोटांत नीट बसवला, कडा दिसेल असा. “मी आहे, आई,” ती हळूच म्हणाली. मग झाकण पडलं.

परतीच्या वाटेवर सिस्टरनी घेतलेलं केंके ट्रोट्रोमध्ये तिच्या मांडीवर तसंच गार झालं. वॉर्डातल्या बायकांना सिस्टरनीच दटावलं, कुणी काही विचारायचं नाही म्हणून.

तीन आठवड्यांनी क्वामेनाचा ड्रायव्हर शिवणखोलीत आला. खांद्यावर गठ्ठा, या वेळी पांढऱ्याशुभ्र कापडाचा. वर चिठ्ठी, ‘ताई, एफुआच्या लग्नाचे सोळा झगे. तुझ्यासारखा हात नाही. लग्न पार पडलं की नेतोच.’

अराबाने चिठ्ठी वाचली, घडी घालून गठ्ठ्याच्या गाठीत परत खोचली.

“क्वामेनाला सांग,” ती म्हणाली, “त्याची बहीण अराबा चार वर्षांपूर्वी वारली. पत्रक त्यानेच छापलंय. मेलेली माणसं कपडे शिवत नाहीत.”

ड्रायव्हर गोंधळून सिस्टरांकडे बघू लागला. सिस्टरनी गठ्ठा उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला दारापर्यंत पोचवलं. परत येऊन त्या मशीनपाशी उभ्या राहिल्या.

“आता तो काही यायचा नाही, अराबा.”

“तो आला होता कधी, सिस्टर?” अराबा म्हणाली, आणि वॉर्डातल्या फाटक्या चादरींचा ढीग तिने पुढे ओढला.